द्राक्षमळ्यातली फेरतपासणी

वाइन चाखायला जाताना पायात काय घालतात, हा प्रश्न मी माझ्या साडूला विचारला नसता, तर ही गोष्ट दोनच माणसांची राहिली असती आणि मग ती कुणाला सांगायची वेळही आली नसती. पण मी विचारला. त्या एका प्रश्नातून एक मिनीबस, सतरा जादा माणसं, एक आदर्श उत्तर आणि एका सज्जन म्हाताऱ्याचा अपमान एवढं सगळं बाहेर पडलं. बुटांचं काय ते मला अजूनही कळलेलं नाही.

मूळ बेत अगदी साधा होता. आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होत होती आणि बायकोने दातांच्या डॉक्टरकडे नंबर यायची वाट बघता बघता एक माहितीपत्रक पर्समध्ये घालून आणलं होतं. 'द्राक्षमळ्यात एक दिवस. मार्गदर्शकासह वाइनचा आस्वाद.' वर फोटो होता. द्राक्षवेलींच्या रांगा, रांगांच्या टोकाला एक झाड आणि झाडाखाली वेताच्या दोन खुर्च्या. खुर्च्यांत कुणीही नाही.

"मला इथे जायचंय," बायको म्हणाली.

"अगं, तू खोकल्याच्या औषधालाही तोंड वाकडं करतेस."

"मला वाइन नकोच आहे. मला या खुर्चीत बसायचंय. शेजारच्या खुर्चीत तुम्ही. आणि एक दिवस सगळं दुसऱ्या कुणीतरी सांगू दे. कुठे वळायचं, काय बघायचं, कधी जेवायचं. मी काही ठरवणार नाही. नुसती बघणार."

पंचवीस वर्षांत या बाईने माझ्याकडे स्वतःसाठी काय काय मागितलं, ते मी आठवून पाहिलं. हाताची बोटं मोजायला घेतली आणि अंगठ्यावरच थांबलो. मला खरोखर गलबलून आलं. मी लगेच फोन केला. पलीकडून एक तरुण मुलगी अतिशय गोड आवाजात बोलली. ती स्वतःच मार्गदर्शक होती. मी सांगितलं, दोन माणसं, मंगळवार, लग्नाचा पंचविसावा वाढदिवस. "वा! मालकांना सांगते, त्यांना आनंद होईल," ती म्हणाली. इथवर मी माणसासारखा वागलो होतो, याची नोंद वाचकांनी कृपया घ्यावी.

मग रात्रभर मला बुटांनी छळलं.

साडू हा विषय थोडक्यात आटोपतो. तो कंपनीच्या खर्चाने चार दिवस परदेशी जाऊन आला, त्याला आता अकरा वर्षं झाली. तेव्हापासून तो साधं पाणीही आधी वास घेऊन पितो.

"पायात?" तो आमच्या जिन्यातच ओरडला. "साडूभाऊ, तुम्ही पायांपासून सुरुवात करताय? अहो, तिथे नाक लागतं, नाक! मार्गदर्शक विचारणार, नाकात काय आलं? काय सांगाल?"

"काही आलं असेल तर सांगेन."

"बघा! हसं करून घ्याल सगळ्यांसमोर. ते काही नाही. आम्ही दोघं येतो."

'नाही' हा शब्द मला येत नाही असं नाही. ऑफिसात मी तो दिवसातून चाळीस वेळा वापरतो. पण समोर माणूस असला की तो घशात अडकतो. घरात येऊन मी बायकोला म्हटलं, "फक्त दोघंच वाढले. तुझी सख्खी बहीणच तर आहे." बायको "हं" म्हणाली.

तळमजल्यावर हेडसर राहतात. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण त्यांचं दार वीतभर उघडं असतं आणि त्या फटीतून संपूर्ण इमारतीची हजेरी घेतली जाते. साडूचा आवाज त्या फटीतून आत गेलाच होता.

"सहल नेताय म्हणे," त्यांनी मला दुसऱ्या दिवशी अडवलं. "गट किती जणांचा?"

"चार, सर."

"चार जणांच्या जाण्याला सहल म्हणत नाहीत, पळून जाणं म्हणतात. एकतीस वर्षं सहली नेल्यात मी. एकही मूल हरवलं नाही. हरवलं ते परत मिळालं. वरच्या मजल्यांवर मी विचारतो, तुम्ही काळजी करू नका."

मी काळजी केली नाही, आणि संध्याकाळपर्यंत आम्ही अकरा झालो. बायको "हं" म्हणाली. हा "हं" आधीच्यापेक्षा लहान होता.

आता राहिली रजा. मी परीक्षा मंडळाच्या फेरतपासणी विभागात बावीस वर्षं आहे. कुणाला आपले गुण कमी वाटले की तो अर्ज करतो. मी त्याची उत्तरपत्रिका काढतो, बेरीज पुन्हा करून बघतो आणि कळवतो, 'गुणांत बदल नाही.' एवढंच काम. ही ओळ मी किती हजार वेळा लिहिली असेल देव जाणे, पण ती वाचताना कुणाचा चेहरा कसा होतो, हे मी कधी बघितलेलं नाही. त्यासाठीच तर टपाल खातं आहे.

निकालाच्या दिवसांत आमच्याकडे रजा म्हणजे घोर पाप. साहेबांनी माझा अर्ज दोन बोटांत धरला. "कारण काय लिहिलंय? वाइन चाखणे?" त्यांनी चष्मा काढला. "तिथे चाखून गुण देतात ना हो?"

"देतात वाटतं, साहेब. वीसपैकी."

"म्हणजे मूल्यमापन झालं! म्हणजे आपलाच विषय! रजा कशाला घेता? अभ्यासदौरा करा. तुमच्याबरोबर विभागातले आम्ही आठ जण येतो. अहवाल तुम्ही लिहा."

माझ्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला अशा रीतीने जावक क्रमांक मिळाला. आम्ही एकोणीस झालो. त्या दिवशी बायकोने "हं"सुद्धा केलं नाही, नुसतं माहितीपत्रक फ्रिजच्या दारावरून काढून खणात ठेवलं. ते मी पाहिलं. पाहिलं आणि मिनीबसवाल्याला फोन लावला, कारण तेवढ्यात त्याचाच फोन येऊन गेला होता.

बारापेक्षा जास्त माणसं असतील तर मळ्याकडून एक गटअर्ज येतो. तो आमच्या विभागाच्या हाती पडला हे मळ्याचं दुर्दैव. दुसऱ्याच दिवशी तो लाल शाईने भरून परत गेला. 'प्रश्न तीन संदिग्ध. प्रश्न पाच अभ्यासक्रमाबाहेरील. प्रश्न सातमध्ये "गटप्रमुखाला वाइनची कितपत माहिती आहे?" यास पर्याय दिलेले नाहीत.' मार्गदर्शक मुलीने बिचारीने सुधारित अर्ज पाठवला. साहेबांनी त्यातही समासाची जागा कमी असल्याचं दाखवून दिलं. तिसऱ्या खेपेला तिने फोनच केला. "काका, तुम्ही दोघंच येणार होतात ना?" मी म्हटलं, "हो, म्हणजे आम्ही दोघं आहोतच त्यात." हे बोलल्यावर मला स्वतःचीच लाज वाटली, पण फोनवर लाज दिसत नाही.

आदल्या रविवारी साडूने आमच्या दिवाणखान्यात रंगीत तालीम घेतली. द्राक्षाचा रस आणि आमचे लग्नात आलेले, आजवर जपून ठेवलेले सहा काचेचे पेले. पेला धरायचा कसा, तिरका करायचा किती, गोल फिरवायचा कसा, हे त्याने करून दाखवलं. हेडसरांनी विचारलं, उजवीकडून डावीकडे की डावीकडून उजवीकडे? साडूला हे ठाऊक नव्हतं, पण ते कबूल करण्याऐवजी त्याने जोरात फिरवून दाखवलं. त्या फिरवण्यात दोन पेले, सोफ्याची एक बाजू आणि हेडसरांचा पांढरा शर्ट कामी आला. बायकोने काचा गोळा केल्या. मी मदतीला वाकलो तेव्हा ती हळूच म्हणाली, "तुम्ही राहू द्या. तुम्हाला गट आहे."

मंगळवारी सकाळी मिनीबस आली. सतरा जागांची. हेडसरांनी सगळ्यांना उंचीप्रमाणे उभं करून आत सोडलं. बायको डबे, पाण्याच्या बाटल्या आणि माझ्या साडूची सुजलेल्या पायांची गोळी घेऊन शेवटी आली तेव्हा जागा संपल्या होत्या. ड्रायव्हरशेजारी एक फोल्डिंग सीट होती, तीवर ती बसली. मी गटप्रमुख म्हणून दाराशी उभा. अडीच तास मला फक्त तिच्या अंबाड्याची मागची बाजू दिसत होती आणि कानावर ड्रायव्हरने तिला विचारलेले प्रश्न येत होते. "ताई, इथून डावीकडे का?" एक दिवस कुठे वळायचं ते दुसऱ्या कुणीतरी सांगावं, एवढंच तिचं म्हणणं होतं.

मळा मात्र फोटोतल्यासारखाच होता. रांगा होत्या, झाड होतं, झाडाखाली वेताच्या दोन खुर्च्या होत्या. बायको ते बघून हसली. साहेबांनी ते बघितलं आणि म्हणाले, "छान. एक माझ्यासाठी, एक बेरीजबाईंसाठी. गुणतक्ता तिथे लावा."

बेरीजबाई म्हणजे आमच्या विभागाची शान. बावीस वर्षांत त्यांची बेरीज चुकलेली नाही आणि त्या हसलेल्याही नाहीत.

मार्गदर्शक मुलीने लांब टेबलावर आठ बाटल्या मांडल्या आणि मातीबद्दल, उन्हाबद्दल फार सुंदर बोलायला सुरुवात केली. साहेबांनी तिला दुसऱ्या वाक्यावर थांबवलं. "थांबा. उमेदवारांची नावं दिसतायत." आमच्या गोपनीय शाखेच्या माणसाने लगोलग पिशवीतून तपकिरी कागद काढला, आठही बाटल्या गुंडाळल्या आणि त्यांना बैठक क्रमांक दिले. मग साहेबांनी आदर्श उत्तर वाटलं. ते माहितीपत्रकावरूनच बनवलं होतं: 'रंग गडद लाल. पिकल्या फळांचा गंध. ओल्या लाकडाची छटा. जिभेवर रेंगाळणारा शेवट.' रंग, गंध, चव आणि शेवट, प्रत्येकी पाच गुण. उत्तीर्ण व्हायला सात.

पहिल्या तीन वाइन पांढऱ्या निघाल्या. त्यांना रंगात शून्य मिळालं. ती वाइन मुळातच पांढरी असते, हा मार्गदर्शक मुलीचा बचाव ग्राह्य धरला नाही.

"हिला पेल्यात जरा वेळ द्या," ती चौथीबद्दल म्हणाली, "मग ती हळूहळू उलगडते."

"वेळ संपल्यावर लिहिलेलं आम्ही तपासत नाही," बेरीजबाई म्हणाल्या.

चाखून झालं की थुंकायला एक भांडं ठेवलं होतं. हेडसरांनी एकतीस वर्षं भिंतीवर 'येथे थुंकू नये' लिहून घेतलेलं, त्यांना ते जमेना. त्यांनी प्रत्येक घोट शिस्तीत गिळला. पाचव्या बाटलीनंतर त्यांनी द्राक्षवेलींना सरळ रांगेत उभं राहिल्याबद्दल शाबासकी दिली. सहाव्यानंतर साडूला अंगठे धरायला सांगितलं. साडूने धरले, आणि त्याच्या नाकात अकरा वर्षांत पहिल्यांदा खरंच काहीतरी गेलं असावं, कारण तो पुढचा अर्धा तास शिंकत होता.

आठही उमेदवार नापास झाले होते. तेवढ्यात मालक आले. सत्तरीच्या पुढचे, डोक्यावर टोपी, खिशात वेली छाटायची कात्री. त्यांच्या हातात एक धुळकट बाटली होती. ती त्यांनी तान्ह्या मुलासारखी धरली होती.

"पंचवीस वर्षं झालेलं जोडपं कोणतं?" त्यांनी विचारलं. "ही त्याच सालची आहे. वडिलांनी लावलेल्या वेलींची. दोनच उरल्यात. त्या दोघांसाठी—"

"ओळख उघड करू नका!" साहेब खुर्चीतून ओरडले. "कागद गुंडाळा!"

माझं काम तिथे सोपं होतं. 'साहेब, ही आमची आहे,' एवढं म्हणायचं. बायको माझ्याकडे बघत होती. मी तोंड उघडलंसुद्धा. आणि बाटलीला बैठक क्रमांक नऊ मिळाला.

एक बाटली एकोणीस जणांत म्हणजे प्रत्येकी दोन थेंब. आदर्श उत्तराशी ती कुठेच जुळेना. रंग दोन, गंध एक, चव एक, शेवट दोन. वीसपैकी सहा. बेरीजबाईंनी निकाल खड्या आवाजात वाचला. मालकांना आधी कळेनाच. मग त्यांचे कान लाल झाले.

"यावर दाद मागायची सोय आहे का?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

आणि माझा हात आपोआप बॅगेत गेला. फेरतपासणीचा छापील अर्ज माझ्या बॅगेत कायम असतो, छत्री असते तसा. त्यांनी तो टेबलावर वाकून थरथरत्या अक्षरात भरला. मी गुणतक्ता घेतला. दोन आणि एक तीन, आणि एक चार, आणि दोन सहा.

"गुणांत बदल नाही," मी म्हणालो.

"तुम्ही चव घेऊन बघितली का पुन्हा?"

"फेरतपासणीत चव घेत नाहीत," मी समजावलं. "बेरीज बघतात."

तेव्हा मी तो चेहरा बघितला. बावीस वर्षं टपालाने माझ्यापासून लांब ठेवलेला. म्हाताऱ्यांनी बाटलीवरचा तपकिरी कागद सोलून काढला, घडी करून टेबलावर ठेवला आणि बाटली घेऊन निघून गेले. मी बायकोकडे वळलो, तर ती जागेवर नव्हती.

मग जेवणं झाली, हेडसरांनी दोनदा हजेरी घेतली आणि मी अहवालासाठी गुणतक्त्याच्या तीन प्रती काढायला बसलो. तिसऱ्या प्रतीच्या मध्यावर सहज वर बघितलं. साहेब आणि बेरीजबाई जेवायला उठल्यामुळे झाडाखालच्या खुर्च्या मोकळ्या झाल्या होत्या. एका खुर्चीत बायको बसली होती. दुसरीत मालक. मधे ती नापास बाटली. ते लांब हात करून डोंगराच्या बाजूला काहीतरी दाखवत होते आणि ती मान हलवत होती. ती काही ठरवत नव्हती. नुसती बघत होती. तिचा बेत अगदी ठरल्याप्रमाणे पार पडत होता, फक्त त्यात मी नव्हतो. मला उठून तिकडे जावंसं फार वाटलं. पण हातात गुणतक्ता होता, आणि तिसरी खुर्चीही नव्हती.

परतीच्या वाटेवर ती पुन्हा फोल्डिंग सीटवर बसली. हेडसर सगळ्या रस्ताभर झोपले होते, त्यामुळे बसमध्ये छान शिस्त होती.

बुधवारी सकाळी चहाच्या कपाखाली एक कागद होता. कोरी राहिलेली गुणपत्रिका. 'वाइनचे नाव' यावर काट मारून बायकोने 'नवरा' असं लिहिलं होतं.

रंग: पहिली काही वर्षं पक्का वाटला. दोन.
गंध: ऑफिसचा. एक.
चव: ज्याच्या शेजारी ठेवाल त्याची लागते. एक.
शेवट: कंबर दुखते आहे. फोल्डिंग सीटमुळे. दोन.

वीसपैकी सहा. मी तीनदा बेरीज केली. बरोबर होती.

मी बॅगेतून अर्ज काढला आणि भरला. 'अर्जदार सदर निकालाने व्यथित असून, त्यास आपली चूक समजली आहे. फोन करतेवेळी अर्जदाराचा हेतू शुद्ध होता. बूट हे केवळ निमित्त. तरी गुणांचा फेरविचार व्हावा, ही नम्र विनंती.' तिच्या डब्यांच्या फडताळावर ठेवला आणि ऑफिसला गेलो. दिवसभरात एकही उत्तर लिहिलं नाही. सदतीस अर्ज समोर होते. मी नुसता त्यांची अक्षरं बघत बसलो, काही फार थरथरती होती.

संध्याकाळी अर्ज माझ्या ताटाशेजारी होता. खाली लाल पेन्सिलीने लिहिलं होतं, 'गुणांत बदल नाही.'

तीन शब्द. मला वाटलं होतं त्यापेक्षा ते फार लांब असतात. वाचून संपतच नाहीत. मी ताटावरून उठणार तेवढ्यात कागद उलटा झाला. मागे बारीक अक्षरात होतं: 'पुनर्परीक्षा पुढच्या मंगळवारी. केंद्र तेच. मालकांकडे त्या सालची एक बाटली शिल्लक आहे, त्यांना मी फोन केलाय. उमेदवाराने एकट्याने यावे.'

या खेपेस मी रजेच्या अर्जात कारणाची जागा रिकामी ठेवली. साहेबांनी विचारलं, कारण? मी म्हटलं, खासगी. ते इतके दचकले की त्यांनी सही केली.

सोमवारी संध्याकाळी जिना चढताना हेडसरांच्या दाराची फट रुंदावली. "काय हो, पुन्हा जाताय म्हणे मळ्यावर? मागच्या वेळी मला सगळं नीट आठवत नाही. गट किती जणांचा?"

"गट नाही, सर."

"नाही म्हणजे? बस तर केली असेल ना?"

"बस नाही. जागा नाही. आणि तुम्ही यायचं नाही, सर."

छापील ओळीतला नव्हे, माझा स्वतःचा 'नाही' जिवंत माणसासमोर माझ्या तोंडून पहिल्यांदाच निघाला होता. मी वर बघितलं. बायको कठड्याला टेकून उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"हं," ती म्हणाली.

हा "हं" मी फार वर्षांत ऐकला नव्हता. अर्धा गुण तरी वाढला असावा. पण विचारायची सोय नाही, फेरतपासणी एकदाच होते.